एका गुणाचा हिशेब

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या घराघरांत दोनच नावे निघतात. एक महंमद अली आणि दुसरे माइक टायसन. दोघेही मोठेच, परंतु दोघेही सर्वांत वजनदार गटातले. १०० किलोच्या आसपासच्या देहांची ती झुंज. ज्या देशांत कष्टकऱ्याच्या पोराची उंची साडेपाच फूट आणि वजन ५५-६० किलो, तिथल्या पोरांनी काय करावे? त्यांच्यासाठी या खेळात हलके वजनगट आहेत, आणि त्या गटांवर कित्येक वर्षांपासून मेक्सिको या देशाची छाप आहे. तिकडे गल्लीबोळांत तालमी, आणि त्या तालमींतून सायंकाळी दोऱ्यांच्या उड्या मारणारी पोरे. त्यातली बहुतेक कामगारांची, फेरीवाल्यांची, हमालांची.

वाचक बंधू-भगिनींनो, अशाच एका पोराची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. त्याचे नाव हुआन मॅन्युएल मार्केझ. चार वजनगटांत जगज्जेतेपदाचे किताब त्याने मिळवले. पण केवळ किताबांची यादी द्यायची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. मार्केझ शिक्षणाने हिशेबनीस होता. त्याच्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली भानगडही हिशेबाचीच आहे, आणि ती एका गुणाने सुरू झाली. जमाखर्चाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना या माणसाचा लळा लागला तो त्यामुळेच.

मार्केझचा जन्म २३ ऑगस्ट १९७३ रोजी मेक्सिको सिटीत झाला. इस्तापालापा नावाच्या भागात तो वाढला. हा शहराच्या पूर्वेकडचा दाट वस्तीचा, कष्टकऱ्यांचा भाग. शहराला भाजीपाला पुरवणारी अवाढव्य घाऊक मंडई तिथेच आहे. वडील स्वतः मुष्टियोद्धे होते. त्यांनी मुलांच्या हातांत लहानपणीच हातमोजे दिले. धाकटा भाऊ राफाएल हाही पुढे जगज्जेता झाला. दोन्ही भावांना घरात शिस्त एकच, पण हुआनने तालमीबरोबर हिशेबाचे शिक्षणही घेतले आणि काही काळ त्या कामावर नोकरीही केली. दिवसा आकडे आणि संध्याकाळी ठोसे असा त्याचा क्रम होता. घरात खेळाडू मूल असले की 'खेळ की शाळा' असे भांडण आपल्याकडे नेहमी होते. मार्केझच्या घरी दोन्ही एकाच छपराखाली नांदले, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

त्याचे वस्ताद म्हणजे इग्नासिओ बेरिस्ताइन. सगळे त्यांना 'नाचो' म्हणत. मेक्सिको सिटीतल्या त्यांच्या रोमान्सा तालमीने अनेक जगज्जेते घडवले. रिकार्डो लोपेझ हा सर्वांत हलक्या गटाचा मुष्टियोद्धा त्यांचाच चेला. ५२ व्यावसायिक लढतींत ५१ विजय, एक बरोबरी आणि पराभव एकही नाही, अशी लोपेझची नोंद आहे. नाचोंची शिकवण थोडक्यात सांगायची तर अशी, की आधी मार खाऊ नये आणि मग मारावे. मेक्सिकोच्या प्रेक्षकांना मात्र पुढे घुसून, दोन खाऊन चार देणारा लढवय्या आवडतो. हुलिओ सेझार चावेझ हा त्यांचा लाडका वीर. मार्केझ त्या जातकुळीचा नव्हता. तो मागे सरकून वाट पाहायचा. समोरच्याने ठोसा टाकला, की त्या क्षणी त्याची जी बाजू उघडी पडते तिथे आपला ठोसा पोचवायचा. याला प्रतिठोसा म्हणावे. पाहणाऱ्याला हा खेळ सावकाश वाटतो, म्हणून मार्केझला लोकप्रियता उशिरा मिळाली.

पहिलीच व्यावसायिक लढत तो १९९३ साली हरला, तीही नियमभंगाबद्दल बाद ठरवून. एखादा खचला असता. मार्केझने पुढच्या २९ लढती ओळीने जिंकल्या. जगज्जेतेपदाची पहिली संधी मिळायला मात्र १९९९ साल उजाडले. लास व्हेगासमध्ये फ्रेडी नॉरवूडशी लढत झाली आणि पंचांच्या गुणांवर तो हरला. त्या काळात फेदरवेट गटात सर्वांत मोठे नाव इंग्लंडच्या प्रिन्स नसीम हमेदचे होते. त्याच्याशी मार्केझची लढत व्हावी अशी बोलणी बराच काळ चालली, पण ती कधीच झाली नाही. जो हरण्याची शक्यता जास्त आणि पैसा कमी, अशा माणसाशी बडे खेळाडू लढत नाहीत. हा त्या धंद्याचा नियम आहे.

शेवटी १ फेब्रुवारी २००३ रोजी मॅन्युएल मेदिनाला सातव्या फेरीत नमवून मार्केझ आयबीएफ या संस्थेचा फेदरवेट जगज्जेता झाला. तेव्हा त्याचे वय २९ होते. या गटाची मर्यादा १२६ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो. आणि दोनच आठवड्यांनी, १५ फेब्रुवारीला, धाकट्या राफाएलने टिम ऑस्टिनला हरवून त्याखालच्या बँटमवेट गटाचे जगज्जेतेपद घेतले. एका आईची दोन लेकरे एकाच महिन्यात जगज्जेती! त्या माऊलीला काय वाटले असेल याची कल्पना आमच्या भगिनींनीच करावी. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेरिक गेनरला हरवून मार्केझने डब्ल्यूबीए या दुसऱ्या संस्थेचा किताबही जोडला.

तीन पंच, तीन कागद

पुढचे समजण्यासाठी गुण कसे देतात ते सांगायला हवे. व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. रिंगच्या तीन बाजूंना तीन पंच बसतात. एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने आपापल्या कागदावर गुण मांडायचे. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. ठोशाने कोणी खाली पडला तर त्याचा आणखी एक गुण जातो, म्हणजे १०-८. दोनदा पडला तर १०-७, तीनदा पडला तर १०-६. कोणी बेशुद्ध झाला नाही, तर शेवटी तिन्ही कागदांच्या बेरजा करून निकाल लावतात. दोन पंचांचे मत ज्याच्या बाजूने तो विजयी.

८ मे २००४. लास व्हेगास. मार्केझसमोर फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ उभा होता. हाही गरिबाचेच लेकरू. लहानपणी रस्त्यावर खाद्यपदार्थ विकून घराला हातभार लावलेला. डावखुरा आणि विजेसारखा चपळ. पहिल्याच फेरीत त्याच्या डाव्या ठोशाने मार्केझ पडला. उठला, पुन्हा पडला. उठला, तिसऱ्यांदा पडला. नाकातून रक्त वाहत होते. पंचाने लढत थांबवली असती तरी कोणी तक्रार केली नसती. तीन मिनिटे संपल्याची घंटा झाली तेव्हा पाहणाऱ्यांना वाटले, आता दुसऱ्या फेरीत संपले.

संपले नाही. मार्केझने हळूहळू त्या डाव्या हाताचा हिशेब लावला. तो हात कधी सुटतो, सुटण्याआधी खांदा कसा हलतो, पाय कुठे पडतो, हे त्याने टिपले. मधल्या फेऱ्यांत पॅकियाओचे ठोसे हवेत जाऊ लागले आणि मार्केझचा उजवा हात त्याच्या चेहऱ्यावर पोचू लागला. बारा फेऱ्या पुऱ्या झाल्या. एका पंचाने ११५-११० असा मार्केझ विजयी ठरवला. दुसऱ्याने तेच आकडे उलटे, ११५-११० पॅकियाओ. तिसऱ्याने ११३-११३. लढत बरोबरीत सुटली.

लढतीनंतर तिसऱ्या पंचाने, बर्ट क्लेमेंट्स यांनी, आपली चूक जाहीरपणे कबूल केली. पहिल्या फेरीत मार्केझ तीनदा पडला असताना त्यांनी १०-६ ऐवजी १०-७ लिहिले होते. इतर दोघांनी १०-६ च लिहिले. आता वाचकांनी मांडणी करून पाहावी. तो एक गुण कापला असता तर क्लेमेंट्स यांच्या कागदावर ११३-११२ असे होऊन पॅकियाओ जिंकला असता, आणि सगळी लढतच त्याच्या पदरात पडली असती. म्हणजे ही चूक मार्केझच्या फायद्याची होती. मार्केझचे चाहते पुढे कायम 'आमच्या माणसाला पंचांनी लुटले' असे म्हणत आले. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याला हिशेब सांगायचा आहे त्याने जमेची चूकही वहीत लिहिली पाहिजे. म्हणून ती इथे लिहिली.

साडेसात लाखांना नकार

बरोबरीनंतर पुन्हा लढत व्हावी हे उघडच होते. मार्केझला दुसऱ्या लढतीसाठी ७ लाख ५० हजार डॉलर देऊ केल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. मार्केझ आणि त्याच्या वस्तादांना ही रक्कम कमी वाटली. जगज्जेता आपण, तीनदा पडून उठून बरोबरी करणारेही आपण, मग मोल कमी का? त्यांनी नकार दिला.

नकार देण्यात कमीपणा नाही. मजुरी ठरवताना ज्याने कधी मान हलवून 'नाही' म्हटले नाही, त्याची मजुरी कधीच वाढत नाही. पण नकार देणाऱ्याने घरात किती दिवसांचे धान्य आहे हे पाहावे लागते, आणि समोरच्याला आपली गरज किती आहे तेही. पॅकियाओला मार्केझची गरज नव्हती. त्याला एरिक मोरालेस मिळाला. त्या दोघांच्या २००५-२००६ मध्ये तीन लढती झाल्या आणि पॅकियाओ हा जगभर ओळखला जाणारा, लाखोंनी कमावणारा खेळाडू झाला. इकडे मार्केझच्या लढती लहान पडद्यावर गेल्या. २००५ साली आयबीएफने त्याचा किताबही काढून घेतला, कारण त्या संस्थेने ठरवलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढत भरवायला पैसे लावणारा कोणी पुढे आला नाही. रिंगमध्ये न हरता जगज्जेतेपद गेले.

आणि मग मार्च २००६. इंडोनेशियाच्या बोर्निओ बेटावर तेंग्गारोंग नावाचे गाव आहे. तिथे तिथल्याच ख्रिस जॉन या जगज्जेत्याशी लढायला मार्केझ गेला. अर्ध्या जगाचा प्रवास, उकाडा, परके प्रेक्षक. मोबदला सुमारे ३१ हजार डॉलर. नाकारलेली रक्कम याच्या चोवीस पट होती! कमरेखाली ठोसे लागल्याबद्दल त्याचे गुणही कापले गेले, आणि तिन्ही पंचांनी ख्रिस जॉनला विजयी ठरवले.

या प्रकरणात मार्केझचे बरोबर की चूक, यावर आजही लोक वाद घालतात. आमचे मत विचाराल तर साडेसात लाख नाकारणे हा व्यवहार म्हणून तोट्याचाच होता, आणि तो सल्ला देताना वस्तादांचा स्वाभिमान बोलत होता, अनुभव नव्हे. मात्र त्यानंतर ३१ हजारांवर बोर्निओला जाणे आम्हाला मोठे वाटते. 'मला इतके मिळत होते, आता एवढ्यावर कसा जाऊ' असे म्हणून घरी बसलेली माणसे आपण पाहतो. मार्केझ घरी बसला नाही. किताब हवा तर तो जिथे आहे तिथे जायचे, एवढेच त्याने पाहिले. तो हरून परतला तेव्हा ३२ वर्षांचा होता. हलक्या गटात हे वय निवृत्तीचे मानतात, कारण या गटांत ताकदीपेक्षा चपळाईचे काम जास्त, आणि चपळाई आधी जाते.

त्याची खरी कारकीर्द मात्र इथून पुढे आहे. एक गट वर चढून त्याने १७ मार्च २००७ रोजी आपल्याच देशाच्या मार्को अँतोनियो बारेराला हरवले आणि सुपर फेदरवेटचा डब्ल्यूबीसी किताब घेतला. आता पॅकियाओला त्याच्याकडे यावेच लागले. १५ मार्च २००८ रोजी दुसरी लढत झाली. तिसऱ्या फेरीत मार्केझ एकदा पडला, बाकी लढत तराजूच्या काट्यावर. निकाल: एक पंच ११५-११२ पॅकियाओ, दुसरा ११५-११२ मार्केझ, तिसरा ११४-११३ पॅकियाओ. तिसऱ्याच्या कागदावर फरक एका गुणाचा. तेवढ्यावर किताब गेला.

मार्केझ आणखी एक गट वर गेला. लाइटवेटमध्ये त्याने क्युबाच्या होएल कासामायोरला ११ व्या फेरीत नमवले. हा कासामायोर त्याआधी कधी ठोशांनी थांबवला गेला नव्हता. २८ फेब्रुवारी २००९ रोजी ह्यूस्टन शहरात हुआन दियाझशी झालेली लढत तर 'रिंग' मासिकाने वर्षातली सर्वोत्तम ठरवली. दियाझ दहा वर्षांनी तरुण, त्याचे गाव, त्याचे प्रेक्षक. पहिल्या फेऱ्यांत त्याने मार्केझला दोरांवर रेटले. आठव्या फेरीत मार्केझचे ठोसे खालून वर येऊ लागले आणि नवव्या फेरीत दियाझ संपला.

सगळेच बेत सफल झाले असे नाही. सप्टेंबर २००९ मध्ये तो फ्लॉइड मेवेदरशी लढला. मेवेदर त्याच्यापेक्षा अंगापिंडाने बराच मोठा, शिवाय ठरलेल्या १४४ पौंडांपेक्षा दोन पौंड जास्त भरला आणि त्याबद्दल दंड भरून मोकळा झाला. मार्केझ सरळ सरळ हरला. त्या लढतीच्या तयारीत मार्केझ स्वतःचे मूत्र पितानाचे दृश्य दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि जगाने नाके मुरडली. आपल्याकडे मोरारजीभाई देसाईंमुळे हा प्रकार ऐकून ठाऊक आहे, पण मेवेदरपुढे त्याचा काही उपयोग झाला नाही हे खरे. असो.

१२ नोव्हेंबर २०११ ची पॅकियाओशी तिसरी लढत आम्हाला सर्वांत बोचते. एव्हाना पॅकियाओ आठ वजनगटांचा जगज्जेता म्हणून जगात सर्वश्रेष्ठ गणला जात होता. जाणकार म्हणत होते, ३८ वर्षांचा मार्केझ या वजनाला टिकायचा नाही. प्रत्यक्षात मार्केझने त्याला चाळणीतून पाणी गळावे तसे निसटू दिले नाही. येईल तो ठोसा ओळखला आणि उत्तर दिले. शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या कोपऱ्यातून त्याला सांगितले गेले, की आपण पुढे आहोत. त्यावर विसंबून त्याने अखेरची फेरी जपून खेळली. निकाल लागला तो ११४-११४, ११५-११३ आणि ११६-११२, दोन्ही मते पॅकियाओला. प्रेक्षकांनी आरडाओरड केली, वस्तू फेकल्या. मार्केझ काही न बोलता रिंगमधून निघून गेला. वही दुसऱ्याच्या हातात असताना आपण मनातल्या मनात केलेली बेरीज काय कामाची?

आता थोडी आमची बेरीज. तीन लढती, ३६ फेऱ्या, नऊ कागद. पहिल्या लढतीत तिन्ही पंचांचे मिळून मार्केझला ३३८ आणि पॅकियाओलाही ३३८. दुसरीत ३४० आणि ३४१. तिसरीत ३३९ आणि ३४५. एकूण मार्केझ १०१७, पॅकियाओ १०२४. आठ वर्षांत, नऊ पंचांच्या डोळ्यांनी, फरक सात गुणांचा! आणि मार्केझ पहिल्या दोन लढतींत चारदा खाली पडला, त्या पडण्याचेच ११ गुण गेले आहेत. म्हणजे पंचांना दोष देण्यापूर्वी ते चार ठोसे आठवले पाहिजेत. हे मार्केझलाही कळत होते असे वाटते, कारण चौथ्या लढतीची तयारी त्याने वेगळ्या तऱ्हेने केली. कागदावर विसंबायचे नाही, असे त्याने ठरवले.

सहावी फेरी

त्या तयारीत त्याने अंग कमावले. चौथ्या लढतीत तो उतरला तेव्हा वजन १४३ पौंड, म्हणजे ६५ किलो. ज्या गटात तो जगज्जेता झाला त्यापेक्षा आठ किलो अधिक. खांदे आणि छाती पाहून लोक चकित झाले. त्याचा शक्तिप्रशिक्षक एंजल एरेदिया हा पूर्वी धावपटूंना बंदी असलेली औषधे पुरवत असे आणि त्याने अमेरिकेतल्या न्यायालयात तशी साक्षही दिली होती. त्यामुळे मार्केझवर संशय घेतला गेला. मार्केझने आरोप नाकारले आणि कोणत्याही चाचणीत तो दोषी ठरला नाही. दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवतो. यापेक्षा जास्त बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही.

८ डिसेंबर २०१२, पुन्हा लास व्हेगास. तिसऱ्या फेरीत मार्केझचा उजवा हात लांबून वळसा घालून आला आणि पॅकियाओ खाली बसला. चार लढतींत मार्केझने त्याला पाडण्याची ही पहिलीच वेळ. पाचव्या फेरीत पॅकियाओने परतफेड केली, मार्केझ पडला. नाक मोडले, तोंड रक्ताने भरले, श्वास घेणे अवघड झाले. पाच फेऱ्यांअखेर तिन्ही पंचांच्या कागदांवर एकच आकडा होता: ४७-४६, पॅकियाओ पुढे. पुन्हा तोच एक गुण! अर्थात, हे आकडे लढत संपल्यावर उजेडात आले.

सहाव्या फेरीतही पॅकियाओच वरचढ होता. मार्केझ मागे मागे सरकत होता, आणि पाहणाऱ्यांना वाटले हा आता थकला. फेरी संपायला काही सेकंद उरले. पॅकियाओने उजव्या हाताने चाचपत पाऊल पुढे टाकले, मागून त्याचा तो नामांकित डावा हात येणार होता. २००४ सालापासून मार्केझ या पावलाचा अभ्यास करत होता. या वेळी तो मागे सरला नाही. अंग किंचित खाली घेऊन त्याने उजवा हात सरळ सोडला. प्रतिठोशाचे गमक हेच आहे. समोरचा स्वतःच्या वेगाने पुढे येत असतो, तो वेग आपल्या ठोशात मिळतो. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांची धडक, म्हणजे वाचकांना समजेल. पॅकियाओ तोंडावर पडला, हातपाय आकसलेले, हालचाल नाही. पंच केनी बेलेस यांनी आकडे मोजलेच नाहीत, हात हलवून लढत थांबवली. घड्याळात दोन मिनिटे ५९ सेकंद झाले होते. एक सेकंद आणखी गेला असता तर घंटा वाजली असती.

काही मिनिटे पॅकियाओ उठला नाही. त्याची पत्नी प्रेक्षकांतून रडत धावत येऊ पाहत होती. आम्ही ते चित्रण पाहिले तेव्हा मार्केझच्या आनंदापेक्षा त्या बाईचा चेहराच डोळ्यांपुढे राहिला. सुदैवाने पॅकियाओ सावरला, पुढे पुष्कळ लढला, आणि २०१६ ते २०२२ या काळात आपल्या देशाचा सिनेटरही होता.

पाचव्या लढतीसाठी मार्केझला मोठमोठ्या रकमांची आमिषे दाखवली गेली. २००४ सालच्या साडेसात लाखांशी त्यांची तुलनाच नको. त्याने नकार दिला, आणि पुढेही जितक्यांदा विचारले तितक्यांदा नकारच दिला. पहिला नकार दिला तेव्हा तो गरजू होता आणि त्याला चोवीसपट नुकसान सोसावे लागले. हा दुसरा नकार त्याला परवडणारा होता. लोक म्हणाले, किती पैसा सोडला! पण त्याचा हिशेब मिटला होता, आणि मिटलेले खाते पैशासाठी पुन्हा उघडायचे नाही हा त्याचा स्वतःचा निर्णय.

त्यानंतर तो दोनदाच लढला. ऑक्टोबर २०१३ मध्ये टिमोथी ब्रॅडलीकडून एका पंचाच्या मतफरकाने हरला. १७ मे २०१४ रोजी कॅलिफोर्नियात माइक अल्वाराडोला हरवले, तेव्हा वय ४० होते. मग गुडघ्याने दगा दिला. तीन वर्षे वाट पाहून ऑगस्ट २०१७ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण ६४ लढती, ५६ विजय, ७ पराभव आणि १ बरोबरी, असा त्याचा ताळेबंद आहे. त्या सातांत ठोशांनी लढत थांबल्याचा पराभव एकही नाही. एक नियमभंगाचा आणि सहा पंचांच्या कागदांवरचे. २०२० च्या यादीत त्याची निवड आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध दालनात झाली. नाचो बेरिस्ताइन २०११ पासून तिथे आहेतच.

निवृत्तीनंतर मार्केझ दूरचित्रवाणीवर लढतींचे समालोचन करू लागला. दुसऱ्यांच्या लढतींत कोणती फेरी कोणाची, हे तो आता गळ्यात टाय बांधून, रिंगच्या बाहेर बसून सांगतो.